नजरेचा काटा

अकोल्याहून भंडारदऱ्याला जाणाऱ्या जीपमध्ये माझ्या शेजारचा पांढऱ्या मिशांचा माणूस चढणाऱ्या प्रत्येकाकडे बघून पुटपुटत होता, "साठ. पंचावन्न. ऐंशी."

मला राहवेना. विचारलंच.

"वजन," तो म्हणाला. "लढाईत हेलिकॉप्टर चालवायचो. डोंगरावरचे जखमी उचलताना नजरेनंच अंदाज घ्यायचा. तिथल्या विरळ हवेत दोघंच झेपायचे."

"आणि तिसरा?"

"त्याला सांगायचं, परत येतो."

"जायचात?"

"दर वेळी. गोळीबार चालू असला तरी." मग मांडीवरची पिशवी उगाच सारखी करत म्हणाला, "एकदा उशीर झाला."

राजूरला जीप खच्चून भरलेली असताना एक म्हातारी दाराशी आली.

"जागा न्हाई, आजी. दुसरी येईल मागून," ड्रायव्हर म्हणाला.

पांढऱ्या मिशांचा तो माणूस तेवढ्यात खाली उतरला होता. म्हातारीला हात देऊन वर चढवताना पुटपुटला, "चाळीस."

"आन् तुमी?" ड्रायव्हरनं विचारलं.

"जा तुम्ही. मला थांबता येतं."