सूचना आपणच मांडली होती

निवडणुकीआधीचा फेब्रुवारी, एक रविवार. सभा झाली. जबाबदार : तेव्हा उमेदवारीच्या खटपटीत असलेले आणि आता विधानसभेत बसणारे आमच्या भागाचे माननीय. त्यानंतरचे एक पावसाळी अधिवेशन. दहशतवाद रोखण्याचा व त्याबद्दल शिक्षा देण्याचा राज्याचा कायदा संमत झाला. जबाबदार : पुन्हा तेच माननीय, आणि कलमे न वाचता बाके वाजवणारे त्यांचे सहकारी. दिवाळीच्या तोंडावर, ती सभा भरवणारी संस्था बेकायदा ठरवणारी अधिसूचना निघाली. जबाबदार : गृहखाते. त्यापुढचा प्रत्येक गुरुवार. जबाबदार कोण, हे मला अजून कोणी लेखी कळवलेले नाही.

गुरुवारी माझ्या स्नेह्यांना चौकीत बोलावतात. ते पाटबंधारे खात्याच्या लेखा शाखेतून निवृत्त झाले आणि हडपसरला राहतात. मी त्याच कचेरीत विधी शाखेत होतो. छप्पन्न साली त्यांच्या वडिलांनी धम्म स्वीकारला. घरात तेव्हापासून एकच शिस्त : वाचल्याशिवाय कशावर सही करायची नाही. शहरात स्फोट झाला तेव्हा रक्त देण्याच्या रांगेत आम्ही दोघे पुढेमागे उभे होतो. बॉम्ब ठेवणाऱ्याला शिक्षा व्हावी, हे आम्हांला कोणी शिकवण्याची गरज नाही.

ती सभा बुधवार पेठेत एका पुस्तकाच्या दुकानाच्या माडीवर होती. विषय : सफाई कामगारांच्या वस्त्यांतले पाणी. नियोजित अध्यक्ष आले नाहीत. पुण्यात अध्यक्षाविना सभा सुरू होत नाही. खोलीत मोजकी माणसे असली तरी एकाने सूचना मांडायची, दुसऱ्याने अनुमोदन द्यायचे आणि वयाने वडील असेल त्याने ‘नको, नको’ म्हणत खुर्चीकडे चालू लागायचे. माननीय पुढच्या रांगेतून उठले.

“आपल्यात एक ज्येष्ठ, अभ्यासू अधिकारी बसलेले आहेत. त्यांनी अध्यक्षस्थान स्वीकारावं, अशी मी सूचना मांडतो.”

टाळ्या पडल्या. स्नेही माझ्या कानाशी म्हणाले, “अहो, मी पुस्तकं घ्यायला आलोय. वर सवलत आहे म्हणाले म्हणून जिना चढलो.”

“जा आता. नारळ तरी मिळेल.”

नारळ मिळाला. शाल माननीयांना मिळाली.

नव्या कायद्यानुसार बेकायदा संघटनेची सभा चालवण्यास साहाय्य करणे हा गुन्हा आहे आणि तो अजामीनपात्र आहे. सभा झाली त्या दिवशी ना हा कायदा होता, ना ती बंदी. जे कृत्य करताना गुन्हा नव्हते त्याबद्दल मागाहून शिक्षा देता येत नाही. राज्यघटनेचे विसावे कलम तसे स्वच्छ सांगते. मी ते चौकीतल्या साहेबांसमोर उघडून ठेवले.

“काका, सभेचं नाहीच विचारत आम्ही,” ते म्हणाले. “नंतरच्या संबंधांचं विचारतोय. अध्यक्ष काय कोणी रस्त्यावरून उचलून आणतं का?”

“पुण्यात तसेच आणतात. मी तिथे हजर होतो. माझा जबाब घ्या.”

त्यांनी संगणकाच्या पडद्यावर नजर फिरवली. “तुमचं नाव नाहीये इथं.” मग हसले. “घालायचं का?”

“घाला,” मी म्हणालो.

“बघू.”

त्यांनी ते घातले नाही, आणि जबाबही घेतला नाही. तेव्हापासून ते ‘बघू’ माझ्या घरात मुक्कामाला आहे. दाराची घंटा वाजली की पत्नी आधी माझ्याकडे पाहते, मग दाराकडे.

माडीवर टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी आता कोणी फोन उचलत नाही. दुकानदाराने माडीला कुलूप लावले आहे. गेल्या आठवड्यात कसब्यात एका जुन्या शेजाऱ्यांची शोकसभा होती. अध्यक्षांसाठी सूचना मागवली तेव्हा सगळे चपलांकडे पाहत राहिले. शेवटी खुर्ची रिकामी ठेवून सभा उरकली. साऱ्या आयुष्यात मी हे प्रथमच पाहिले. कोणाला अटक झाली नव्हती. कोणाला साधी नोटीस आली नव्हती. तरी कायदा त्या खोलीत येऊन बसला होता.

माननीयांना मी पोचपावतीसह पत्रे पाठवली. पोचपावत्या परत आल्या, उत्तर आले नाही. फोनवर त्यांचे स्वीय सहायक म्हणाले, “साहेब अशा कुठल्या सभेला गेलेच नव्हते. आजोबा, तुमची काहीतरी गल्लत होतीय.”

“शाल परत करायला सांगा मग,” मी म्हणालो. फोन बंद झाला.

या गुरुवारी संध्याकाळी स्नेह्यांच्या पत्नीचा, वहिनींचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच ठाम होता.

“भाऊजी, चौकीत यांना पुढच्या वेळी येताना महिनाभराची औषधं बरोबर आणा म्हणालेत. साखरेची, रक्तदाबाची, सगळी. कशाला हो?”

“सहज म्हणाले असतील.”

“तुम्ही कायद्यातले ना? पोलीस सहज काय म्हणतात, ते तुम्हीच सांगा मला.”

पलीकडे स्नेही कोणत्या गोळीसाठी कोणती डबी ते त्यांना समजावत होते. हिशेब तपासताना लागायचा तोच संथ आवाज.

म्हणून हे छापून मागत आहे. माननीय महोदय, आपण हात वर केलात त्या कायद्याने एक वृद्ध गृहस्थ पुढच्या गुरुवारी घरी परत न येण्याची शक्यता आहे, आणि त्यांना त्या खुर्चीवर संस्थेने नव्हे, आपण बसवले. मला खाजगीत भेट नको, चहा नको. गुरुवार उजाडण्यापूर्वी, वर्तमानपत्रांतून, स्वतःच्या सहीने उत्तर द्या : त्या रविवारी, त्या माडीवर, अध्यक्षपदाची सूचना आपण मांडली होती की नाही?