पिंडाशेजारची विडी

मुलांनो, माझा नेहमीचा रिक्षावाला विडी सोडल्यापासून सगळ्या जगावर चिडलेला असतो. सिग्नलला रिक्षा थांबली की त्याचा हात रिकाम्या खिशाकडे जातो आणि तो खिशालाच शिवी देतो.

त्याचा धाकटा भाऊ विडीपायी खोकून खोकून गेला. दहाव्याला मी घाटावर गेले होते. कावळा शिवेना, तेव्हा चुलत्यानं पिंडाशेजारी विडी पेटवून ठेवली. मला संताप आला, पण ओरडला तो.

"आवं काका, हिनंच खाल्ला की त्याला!"

"त्याच्या आवडीची हुती रं. त्याबिगर कावळा शिवायचा न्हाई."

"नगं शिवू दे!"

पेटती विडी त्यानं मुठीत चुरगाळली. मग नकळत बोटं नाकाशी नेली, आणि कृष्णेच्या वाळूनं ती लाल होईपर्यंत घासत बसला.