दाराजवळची मोकळी जागा

हिमव्हिलच्या रोपवाटिकेत कुणी निळ्या फुलांच्या उबानीची रोपं मागायला आलं, की फिकिले शेलेंबे आधी विचारते, "तुमच्याकडे पहाटे बादलीतलं पाणी गोठतं का?"

गिऱ्हाईक बहुधा म्हणतं, आम्हाला बारा महिने हिरवी राहणारीच हवी, फाटकापासून घरापर्यंत दोन्ही बाजूंनी. ती ऐकून घेते, पण तिचे हात स्वस्थ नसतात. बोलता बोलता कुंडीतली माती चाचपते, वाळलेलं पान खुडते.

"पाणी गोठत असेल तर उघड्यावर झोपणारी लावा. हिवाळ्यात तिची पानं जातात, उन्हाळ्यात परत येतात. हिरवी भिंतीच्या उबेला ठेवा. आणि झोपलेलीला उठवायला जाऊ नका."

शेवटचं वाक्य ती घाईघाईने बोलते. ते तिला लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात कळलं होतं.

तिचं माहेर समुद्राकाठचं, म्झुंबेचं. तिथली उबानी जूनच्या थंडीतही डिसेंबरच्या उन्हाळ्याइतकीच हिरवी. लग्नात आईने तिला एक गड्डा पोत्यात बांधून दिला. "नव्या घरी दारात लाव. ही असली की वीज दारावरून परत जाते."

सासर डोंगराच्या पायथ्याशी. नवरा वेलाफी मालट्रकवर, महिन्याच्या शेवटी यायचा. सासू माझोंदी मे महिन्यात थोरल्या मुलीच्या बाळंतपणाला डर्बनला गेली. "पहिल्या गडगडाटाच्या आत येते," असं सांगून गेली. घरात उरल्या फिकिले आणि नणंद बालुंगिले. बालुंगिले दिवसभर गावातल्या दुकानात कामाला.

नव्या सुनेने, मकोटीने, सगळ्यांच्या आधी उठून अंगण झाडायचं. फिकिले ते झाडायची, पाणी भरायची, कोंबड्यांना दाणे टाकायची, आणि ऊन अंगणात येईपर्यंत कामं संपलेली असायची. बसून राहणं तिला जमत नव्हतं. आपण बसलो की शेजारच्या चारी घरांतून कुणीतरी बघतंय असं वाटायचं. म्हणून ती झाडलेलं अंगण पुन्हा झाडायची.

दाराच्या डाव्या हाताला एक पट्टा होता. त्यात काही नव्हतं, नुसती माती आणि चार पिवळ्या काड्या. एके दिवशी तिने कुदळ घेतली, खालच्या जाड पांढऱ्या मुळ्या उपटल्या, मागच्या घळीत नेऊन टाकल्या आणि तिथे आईची उबानी लावली. दार एकदम भरल्यासारखं दिसलं. त्या दुपारी ती पहिल्यांदा जराशी टेकली.

संध्याकाळी बालुंगिले आली ती अंगणातच थांबली.

"हे काय आहे?"

"उबानी. माझ्या आईची."

"आणि आमची?"

"तिथे काही नव्हतं गं."

"काही नव्हतं कसं? माझ्या आजीने लावलेली उबानी होती तिथे. डोंगरावरची. हिवाळ्यात झोपते ती."

"पण तिला एक पान नव्हतं."

"तू झोपताना डोक्यावर टोपली घेऊन झोपतेस का?"

अंधार पडायच्या आत दोघी घळीत उतरल्या. काही मुळ्या शेळ्यांनी चघळलेल्या, काही उन्हाने सुरकुतलेल्या. सापडल्या तेवढ्या फिकिलेने जुन्या जागी पुरल्या. आईचा गड्डा दाराच्या उजव्या हाताला गेला.

"मा आल्या की त्यांना सांगशील?" तिने विचारलं.

"मी कशाला सांगू? पहिला गडगडाट झाला की वीज सांगेल." बालुंगिले चेष्टेतच म्हणाली. पण मागच्या साली शेजाऱ्यांच्या गाईवर वीज पडली होती, त्यामुळे दोघींनीही आभाळाकडे बघितलं.

त्यानंतर कडाक्याची थंडी पडली. समुद्राकाठची उबानी एका रात्रीत काळी पडली, पानं उकडलेल्या भाजीसारखी लिबलिबीत झाली. आता दाराच्या दोन्ही बाजूंना काहीच नव्हतं.

माझोंदीचा फोन यायचा. नातू कसा आहे, दूध किती पितो हे सगळं झालं की ती विचारायची, "उबानी झोपलीय ना?"

"झोपलीय, मा," फिकिले म्हणायची, आणि फोन ठेवला की बाहेर जायची. बोटाने माती उकरून बघायची. मुळी टणक लागली की बरं वाटायचं, पण ते बरं वाटणं चूल पेटेपर्यंतसुद्धा टिकत नसे. ती परत जायची.

"मक्याच्या पुटूच्या भांड्याचं झाकण तू इतक्यांदा उघडलंस तर आपण उपाशी मरू," बालुंगिले म्हणाली. "जरा हात आवर."

ऑगस्ट संपताना उकरता उकरता तिच्या नखाखाली काहीतरी कट्‌कन मोडलं. तिने बघितलं तर पांढरा, ओला कोंब. मुळी जिवंत होती हे कळलं, आणि कोंब आपणच मोडला हेही.

माझोंदी आली तेव्हा डोंगरावर ढग चढले होते. तिने पिशवी खाली ठेवली आणि मातीकडे बघितलं.

"इथली माती कुणी हलवली?"

बालुंगिले पिशवी उघडून आत काय आहे ते बघू लागली.

"मी, मा. मला जागा रिकामी वाटली. सगळी काढली. मग परत लावली, आणि मग जगलीय का ते बघायला..."

"किती वेळा बघितलंस?"

फिकिलेने मातीने भरलेली नखं मुठीत मिटली.

"रोज," पिशवीत डोकं घातलेली बालुंगिले म्हणाली.

माझोंदीने उजवीकडचा काळा लगदा काठीने बाजूला केला, वाकून गड्डा दाबला. "ही तुझी? मेली नाही, पानं गेलीत. हिला उघड्यावर कशाला बसवलीस? चुलीमागच्या भिंतीला लाव. तिकडे दिवसभर ऊन असतं."

"आणि तुमची?"

"तिच्याकडे पाठ फिरव. तेवढंच काम आहे."

"पण वीज आली तर?"

"आली तर गप्प बसायचं. जमेल तुला?"

दुपारीच गडगडायला लागलं. बालुंगिलेने वीज ओढली जाऊ नये म्हणून आरशावर गोधडी टाकली. तिघी चटईवर भिंतीला टेकून बसल्या. फिकिलेचे पाय एका जागी राहीनात, नजर सारखी दाराकडे. शेवटी माझोंदीने तिचं मनगट ओढून मांडीवर घेतलं आणि धरून ठेवलं. मायेने नाही, कोंबडीचा पाय धरावा तसं. कडाडून वीज पडली ती पलीकडच्या डोंगराच्या धारेवर. गाई हंबरल्या, मग पाऊस आला, मग सगळं पुढे सरकलं. मनगट मात्र कितीतरी वेळ सुटलं नाही.

सकाळी फिकिले अंगण झाडत होती. डाव्या पट्ट्याशी आली की ती पाठ करायची आणि उलट्या हाताने खराटा ओढायची.

असे बरेच दिवस गेले. एकदा पाण्याची बादली घेऊन निघालेली बालुंगिले थांबली. "मकोटी, इकडे बघ."

"नाही बघणार."

"अगं बघ तरी."

कडेकडेने बारीक, लालसर-हिरवी टोकं वर आली होती. मधोमध, जिथे फिकिलेची बोटं रोज जायची, तिथे काळी माती तशीच होती.

माझोंदी घळीतून एप्रनच्या झोळीत दगड घेऊन येत होती. एक एक दगड ती पट्ट्याभोवती मांडू लागली.

"हे आधीच करायला हवं होतं," ती पुटपुटली. "बाहेरून आलेल्या पोरीला कसं कळणार?" मग शेवटचा दगड तिने फिकिलेपुढे धरला. "हा तू ठेव. आणि हात लगेच मागे घे."

फिकिलेने दगड ठेवला. हात मागे घ्यायला तिला थोडा वेळ लागला.