डोंगरावर ठेवलेला फोटो

आमच्या तात्यांना, म्हणजे वडिलांना, निवृत्तीनंतर डबे लपवायचा नाद लागला. फौजेत तोफखान्यात नकाशे वाचण्यात त्यांचा जन्म गेला होता. साताऱ्यात घर बांधून राहिले, तेव्हा तोफा मागे राहिल्या होत्या. बरोबर आलं ते एक होकायंत्र, आणि चारी बाजूंना डोंगर आयतेच होते. हळूहळू त्यांच्यासारखेच काही रिकामटेकडे जमले. एक बँकेतले साहेब, आष्ट्याचे एक मास्तर, तासगावचे एक द्राक्षबागायतदार आणि सांगलीचे दोघं-तिघं. एकानं पत्र्याचा डबा डोंगरावर कुठंतरी लपवायचा आणि बाकीच्यांनी तो हुडकायचा, एवढाच खेळ. नव्वदच्या दशकात पोरं क्रिकेटच्या मागं वेडी झाली होती, आणि ही पिकल्या केसांची माणसं रविवारी काट्याकुट्यातून दगड उचकटत फिरायची.

आई त्यांची भरपूर टिंगल करायची. म्हणायची, "डबा घिऊन रानात तर सारं गाव जातंय. तुमचं नवल ते काय?"

पण त्यांचे नियम फार कडक होते, आणि ते सगळे तात्यांनीच केलेले. लपवणाऱ्यानं एकट्यानं जायचं, घरातसुद्धा सांगायचं नाही. काहीही लिहून ठेवायचं नाही, कारण कागद कुणाच्याही हाती लागतो. पुढच्या बैठकीत, कधी साताऱ्यात तर कधी सांगलीत, सगळ्यांसमोर उभं राहून एकदाच तोंडानं सांगायचं: अमुक झाडापासून अमुक अंशावर, इतकी पावलं. याला ते 'सांगणं' म्हणायचे. आणि डब्यात स्वतःची अशी वस्तू ठेवायची, की ती हरवली तर रात्रीची झोप उडावी. ज्याला डबा सापडेल त्यानं ती वस्तू लपवणाऱ्याच्या घरी आणून हातात द्यायची, मग त्याला पुरणपोळीचं जेवण.

एकदा बँकेतल्या साहेबांनी डब्यात साधं पेन ठेवलं. तात्यांनी भर बैठकीत त्यांची हजेरी घेतली. पेन गेलं तर तुमचं काय जाणार आहे, मग आम्ही काटे कशासाठी तुडवायचे, असं बरंच काही बोलले. त्यानंतर डबा लपवायची पाळी तात्यांचीच आली.

ते एका सकाळी पहिल्या एसटीनं गेले. दुपारी परत आले, आंघोळ केली, भाकरी खाल्ली, आडवे झाले. बैठक आठवड्यावर होती. ती व्हायच्या आतच एके दिवशी दाढी करता करता ते मोरीपाशी कोसळले.

मी तेव्हा सांगलीत नोकरीला होतो. साताऱ्याच्या दवाखान्यात पोचलो तोवर त्यांची उजवी बाजू गेली होती. जीव वाचला, पण वाचा गेली. गेली म्हणजे अगदी सगळी नाही. एक शब्द तेवढा राहिला. पाणी हवं असलं तरी "डावीकडं", पाय दुखला तरी "डावीकडं", मला बघून डोळे भरून आले तरी "डावीकडं". डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन समजावलं, की त्यांना म्हणायचं असतं वेगळंच, पण जिभेवर येतो तो हाच अडकलेला शब्द. त्याचा अर्थ लावत बसू नका.

घरी आणल्यावर दुसऱ्या दिवशी आईला भिंत दिसली. दिव्याच्या बटणांच्या वर एक फोटो असायचा, तिथं नुसता खिळा होता.

तो माझ्या थोरल्या बहिणीचा फोटो. मी तिला पाहिलेलं नाही. ती माझ्या आधीची. औंधच्या यात्रेत एका फोटोवाल्यानं काढलेला, तिचा तेवढा एकच. त्याच वर्षी ती तापानं गेली, तीन वर्षांचीही झाली नव्हती. आई त्या फोटोला हार घालायची नाही की उदबत्ती लावायची नाही. तिन्हीसांजेला बटण दाबताना एकदा वर बघायची, तेवढंच.

आई तात्यांच्या खाटेपाशी जाऊन बसली. "आवं, पोरीचा फोटु कुठं ठिवलाय?"

तात्यांनी तिच्याकडं बघितलं. ओठ पुष्कळ हलवले. "डावीकडं," म्हणाले आणि लहान मुलासारखे रडायला लागले.

मला त्या दिवसांत सगळ्यांचाच राग यायचा. घरात एकच फोटो, आणि तो नेऊन डोंगरावर ठेवणाऱ्या माणसाचा राग यायचा, आणि त्याच्यावर रागावताही येत नाही म्हणून आणखी राग यायचा. त्या दिवशी घातलेली विजार आईनं तेव्हाच धुऊन टाकली होती, त्यामुळे कुठली माती लागली होती हे कळायला मार्ग नव्हता. खिशातलं एसटीचं तिकीट बंबात गेलं होतं. स्टँडवर विचारलं, पण रोज येणाऱ्या-जाणाऱ्या म्हाताऱ्यांतला एक कुणाच्या लक्षात राहणार!

बैठकीची मंडळी पुढच्याच रविवारी झाडून सगळी आली. खाटेभोवती बसून त्यांनी एकेका डोंगराचं नाव घ्यायला सुरुवात केली. जरंडेश्वराला तात्यांनी मान हलवली. सगळ्यांचे चेहरे उजळले आणि तसेच निघाले. संध्याकाळी रिकाम्या हातांनी परत आले. मग यवतेश्वर म्हटलं, तात्यांनी मान हलवली. सज्जनगड म्हटलं, हलवली. शेवटी मी चिडून विचारलं, "तात्या, काशीला ठेवलाय का?" त्यांनी माझ्याकडं अगदी आशेनं बघितलं आणि मान हलवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी मंडळींना हात जोडून सांगितलं, की त्यांच्या मानेला अर्थ नाही आणि शब्दालाही नाही. पण ज्यांनी इतकी वर्षं तात्यांच्या तोंडचं 'सांगणं' ऐकून डोंगर पालथे घातले, त्यांना ते पटेना. तासगावचे बागायतदार तर माझ्यावरच नाराज झाले. "डॉक्टरला काय ठावं? तात्यांनी आजवर उगं एक सबूद काढला न्हाई. डावीकडं म्हंत्यात म्हंजे डावीकडंच आसणार."

आणि ते खरोखर डावीकडं शोधत राहिले. वाटेच्या डावीकडं, देवळाच्या डावीकडं, ओढ्याच्या डावीकडं. चढताना जी डावी ती उतरताना उजवी होते, तेव्हा नेमकी कुठली धरायची यावरून मास्तर आणि साहेब यांच्यात एकदा चांगलीच जुंपली. एरवी मी हसलो असतो. बागायतदार बागेची एप्रिलची छाटणी गड्यांवर टाकून येत राहिले. दर रविवारी संध्याकाळी ही माणसं घामानं निथळत घरात येऊन बसायची. तात्या कुणाच्या तोंडाकडं बघत नसत. ते प्रत्येकाच्या हातांकडं बघायचे.

डब्याच्या झाकणाला मेण लावलेलं असणार, म्हणजे पाऊस लागेपर्यंत फोटोला धोका नाही, असं मास्तर म्हणायचे. पण मग पाऊस लागलाच. डोंगरावर कमरेएवढं गवत वाढलं, वाटा बुजल्या. दसऱ्यानंतर ते पुन्हा दोन-तीनदा गेले, पण त्या जाण्यात पहिल्यासारखा दम नव्हता. डबे लपवणं तर बंदच पडलं. भेटायला मात्र येत राहिले.

तात्या त्यानंतर काही वर्षं जगले. आईनं भिंतीवरचा खिळा काढला नाही, त्यावर दुसरंही काही लावलं नाही. तिनं त्यांना कधी बोल लावला नाही. एकदा मीच म्हणालो, की त्यांनी निदान तुला विचारायला हवं होतं. तर म्हणाली, "इचारलं आसतं तर मी दिला आस्ता व्हय? आन् दुसरं काय हाय आमच्याकडं, हरवलं तर झोप न येण्याजोगं?"

एका संध्याकाळी दिवा लावून ती तिथंच उभी राहिली. मला म्हणाली, "तिचं क्यास कुरळं हुतं न्हवं रं?"

मी तो फोटो जन्मभर बघितला होता. त्याच्याखालची बटणं दाबत लहानाचा मोठा झालो होतो. डोळे मिटून खूप आठवून बघितलं. फ्रॉक दिसला, मागचा रंगवलेला पडदा दिसला; केस काही दिसेनात. मला आठवत नाही, असं तिला सांगावं लागलं.

मग ती खाटेपाशी गेली. तात्या जागेच होते, सगळं ऐकत होते. तो चेहरा नीट आठवत असेल असं आता जगात ते एकटेच. तिनं वाकून विचारलं, "कुरळं हुतं न्हवं?"

तात्यांनी मान हलवली.

"व्हय, कुरळंच हुतं," आई म्हणाली. सरळ होते का, असं तिनं विचारलं नाही. मीही विचारलं नाही.