बसता न येणाऱ्या बायकांचं धरणं

माझी मावशी कापडाच्या एका मोठ्या दुकानात पडद्यांच्या काउंटरवर उभी असायची. उभी म्हणजे दिवसभर उभीच. गिऱ्हाइकांना गुबगुबीत खुर्च्या आणि विकणाऱ्या बायकांना बसायची बंदी. बसलेली बाई आळशी दिसते, असं मालकाचं म्हणणं. हे तो फिरत्या खुर्चीत रेलून सांगायचा.

मावशीचे गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा डॉक्टरांनी साफ सांगितलं, अधूनमधून बसा, नाहीतर नोकरी सोडा. नोकरी सोडली तर घर कोण चालवणार? काका तर टीव्हीचा रिमोटसुद्धा उठून घेत नाहीत. मावशीला वाटायचं, आपलेच पाय मेले नाजूक. मग एकदा जेवणाच्या सुट्टीत ती ट्रायल रूममध्ये लपून पोटऱ्यांना तेल चोळत होती, तेवढ्यात शेजारच्या काउंटरवरची बटणवाली आत शिरली आणि तिनेही मुकाट्याने आपले पाय पुढे केले. पाठोपाठ अस्तरवाली. तिघींच्या पोटऱ्यांवर त्याच निळ्या गाठी.

"म्हणजे खोट आपल्या पायांत नाही गं!" मावशी म्हणाली.

चळवळ चळवळ म्हणतात ती आमच्याकडे अशी, तेलाच्या वासात सुरू झाली. मागणी एकच, प्रत्येक काउंटरमागे एक स्टूल. मालकाने हसण्यावारी नेलं. मग सगळ्या बायकांनी दुकानातच, गालिच्यावर फतकल मारून धरणं धरलं.

आणि लगेच फजिती झाली. दार उघडलं रे उघडलं, की सगळ्या ताडकन उभ्या, "या ताई, काय दाखवू?" इतक्या वर्षांची सवय ती! अस्तरवालीने तर घोषणा अर्धवट सोडून अख्खा तागा उलगडून दाखवला, वर तो विकलाही. मालक खूश. म्हणाला, "रोज धरा हो धरणं, विक्री झकास होतेय."

दुपारी गिऱ्हाइकं ओसरली तरी बायका गालिच्यावरच, तेव्हा मात्र त्याचा पारा चढला. "पुरे झाला तमाशा. उठा!"

सगळ्या उठल्या. मावशी तेवढी खालीच. तिचा गुडघा अडकला होता. हात टेकून बिचारीने जोर लावला, तोंड लालबुंद झालं, पण जागची हलेना. मालकाला वाटलं, बाई माजली.

"ऐकू येत नाही? उठा म्हणतो ना!"

मावशी त्याच्याकडे बघत बसून राहिली. ते पाहून बटणवाली परत खाली बसली, मग अस्तरवाली, मग एकेक करत बाकीच्या. तेवढ्यात दार उघडून गिऱ्हाईक आत आलं. या वेळी कुणीही उठलं नाही.

आठवड्याभरात स्टुलं आली. आता दुसऱ्या दुकानांतल्या बायका मावशीचा सल्ला घ्यायला येतात. मला तिचा भारी अभिमान वाटतो, पण चिडवल्याशिवाय राहवत नाही. गुडघ्याची गोष्ट तिनेच घरी येऊन सांगितली होती ना! परवा भाजी निवडताना मी पुन्हा म्हटलं, "तुमची क्रांती काय, गुडघा अडकला म्हणून झाली."

"पहिल्यांदा 'उठा' म्हणाला तेव्हा अडकला होता," मावशी म्हणाली. "दुसऱ्यांदा म्हणाला तोवर सुटला होता."