बहियाची बाजू

वजीदा रशीद गावच्या बंदरावर मासेमारीची जाळी दुरुस्त करून पोट भरायची आणि संध्याकाळी दार लावून घ्यायची. नवरा नाही, पोर नाही. भाऊ अलेक्झांड्रियाला गेला तो गेलाच. गल्लीतल्या बायका म्हणत, शिष्ट आहे. उम्म फिक्री तर तिला सरळ चोरटी म्हणायची. दोन ईदा उलटल्या तरी जेवण घालून पाठवलेली तिची निळ्या काठाची थाळी वजीदाकडून परत आली नव्हती ना! आणि उम्म फिक्रीचं तोंड म्हणजे तोफखाना. तिच्यापुढे बोलायची कुणाची टाप?

तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजानंतर बायका माझ्या गच्चीवर मुलुखियाच्या भाजीची पानं खुडायला जमत आणि मी त्यांना कादंबरी वाचून दाखवी. त्या वर्षी एक जुनी, नावाजलेली कादंबरी चालू होती. तिच्यात नदीपलीकडे एकटी राहणारी बहिया आहे. गाव तिला सणाचं जेवण पाठवतं, ती भांडी परत करत नाही. मागायला गेलं तर दार उघडत नाही. का, ते लेखकाने सांगितलेलंच नाही, मेल्याने.

वजीदाही यायची, पण जिन्याच्या वरच्या पायरीवर बसायची. चटईवर ये, असं तिला कुणी म्हणत नसे.

बहियाचं प्रकरण वाचून झालं तशी उम्म फिक्री कडाडली, "बघा गं, पुस्तकातसुद्धा असल्या आहेतच! फुकटचं खायचं आणि वर भांडंही गिळायचं!"

सगळ्या फिदीफिदी हसल्या आणि जिन्याकडे बघू लागल्या. वजीदा उठून उभी राहिली. मला वाटलं, आता ही खाली गेली की पुन्हा वर यायची नाही.

पण ती गेली नाही. म्हणाली, "भांडं रिकामं परत करायचं नसतं ना, उम्म फिक्री?"

"म्हणजे काय! आमच्या सात पिढ्यांत कुणी केलं नाही."

"मग बहियाने त्यात काय घालायचं होतं? घरात होतं काय तिच्या?"

वजीदाच पुढे बोलू लागली.

"आज देऊ, उद्या देऊ करत राहिली असेल. मग इतके दिवस गेले की लाजच वाटायला लागली. दार वाजलं की छातीत धडधडायचं तिच्या. लोकांना वाटलं, माजलीये."

हे बहियाचं की तिचं स्वतःचं, हे विचारायची गरजच नव्हती. मला रडू आलं, आणि रागही आला, लेखकाचा आणि आम्हा सगळ्यांचाच.

माफी मागणं उम्म फिक्रीच्या रक्तात नाही. ती घसा खाकरून म्हणाली, "तुझ्याकडे मीठ आहे का गं?"

"मीठ?"

"मीठ गं, मीठ! माझं संपलंय. तेवढं तरी असेल ना घरात?"

अख्ख्या गल्लीची मासळी खारवणारी ही उम्म फिक्री, हिच्याकडे मिठाची पोती रचलेली. सगळ्यांना ठाऊक होतं, पण या वेळी कुणी हसलं नाही.

वजीदा पळतच खाली गेली. परत आली तेव्हा तिच्या दोन्ही हातांत निळ्या काठाची थाळी होती, मिठाने शिगोशीग भरलेली.

उम्म फिक्रीने चिमूटभर जिभेवर ठेवलं. "चांगलं आहे," ती म्हणाली आणि चटईवर सरकून जागा केली. "बस इथे. उद्या याच थाळीतून तुला मुलुखिया पाठवते. आणि हे बघ, परत करायची घाई करू नकोस."