गजावरची खूण

मी तेव्हा बिडकीनजवळच्या एका खेड्यात मास्तर होतो. लोकांचे अर्ज लिहिणं हे माझं दुसरं काम, तेही फुकटचं. सांडूचा बंदुकीचा अर्ज मीच लिहिला आणि लिहिताना मला त्याचा राग येत होता. ज्या बंदुकीनं सख्खा भाऊ गेला तीच पोलीस ठाण्यातून सोडवून घ्यायला हा माणूस माझ्यापुढं येऊन बसला होता आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. "डुकरं मका ठिवंना झाली, गुर्जी," एवढंच तो बोलला.

बंदूक ठासणीची होती. पोलीस ॲक्शननंतर गावातली हत्यारं जमा झाली, पुढं पिकाच्या राखणीसाठी परवाने निघाले, तेव्हा सांडूच्या थोरल्या भावानं, बद्रीनाथनं, ती घेतली. तिच्यात तोंडाकडून बारूद ओतायची, वर काथ्याचा बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, आणि सगळं लांब गजानं ठासायचं. त्याच गजाला चिंधी गुंडाळून नळी पुसायची. बंदूक भरलेली की रिकामी, तेही गजच सांगतो. रिकामी असेल तर गज तळापर्यंत जातो आणि त्याच्यावरची खूण नळीच्या तोंडाशी येते. आत बार असेल तर खूण चार बोटं वर राहते.

त्रेपन्न साली नवरात्रात जुना गज मोडला. सांडूनं बाजारातून नवा आणला तो नेमका खंडेनवमीला. बंदूक पूजेत मांडलेली. पूजेतलं हत्यार दसऱ्याशिवाय कुणी हलवत नाही, सांडूनंही हलवलं नाही. त्यानं जुना गज नव्याच्या शेजारी ठेवला, टोकाला टोक लावलं आणि जुन्यावरची खूण तापल्या खिळ्यानं नव्यावर डागली.

दसऱ्याला सकाळी त्यानं हाताच्या अंदाजानंच बार भरला, बंदूक ओसरीत उभी केली आणि आपट्याची पानं आणायला गेला. भरलीय हे कुणाला सांगायचं राहिलं. दुपारी बद्रीनाथनं बंदूक घेतली, नळीचं तोंड वहाणेच्या टोकावर टेकवलं आणि ओल जावी म्हणून घोड्याखाली ठिणगीची टोपी बसवून नुसती तीच फोडली. रिकाम्या बंदुकीवर अशी टोपी फोडायची रीतच आहे. पण बार उडाला. पायाचं मांस सडलं आणि नवव्या दिवशी बद्रीनाथ गेला.

ते नऊ दिवस तो एकच सांगत होता, "म्या गज घालून पाह्यला व्हता." कुणालाच पटलं नाही. त्याची बायको मनकर्णाबाई शेवटी त्याला म्हणाली, "आता जायच्या टायमाला तरी खोटं बोलू नका." त्यावर तो गप्प झाला तो झालाच.

गावानं सांडूला दोष दिला नाही. "सांगायचं राह्यलं तर राह्यलं, गज कशाला असतोय मंग?" लोक म्हणायचे. सांडू सहा वर्षं त्या एका वाक्यावर जगला. बैलासारखा राबायचा, वाढलं तेवढं खायचा. मनकर्णाबाई त्याच घरात होती. पितरपाटात नवऱ्याच्या तिथीला ती सगळा स्वयंपाक करायची, पण कावळ्याला पान ठेवायला सांडूच्या बायकोला, भागूबाईला पाठवायची. नवऱ्यावरचा राग तिनं असा धरून ठेवला होता.

एकोणसाठच्या पितरपाटात बंदूक सुटली. ठाण्यात पडून गजाला उधई, म्हणजे वाळवी, लागली होती; नवा घ्यायला हवा होता. पितरपाटात नवी वस्तू घेत नाहीत, असं मी म्हणालो, तर सांडू म्हणाला, "डुकरांना कुठं पितरपाट अस्तो?" माझंही शहरात काम होतं. दोघं एकाच मोटारीनं गेलो.

शहागंजात निजामुद्दीनभाईंचं बंदुका दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांनी चार गज पुढं टाकले. सांडूनं लोखंडी उचलला.

"लोहे का नक्को," ते म्हणाले. "नली घिसती. सागवान लेव, पीतल की टोपी का." मग सागवानी गज हातात वाकवून त्यावरच्या रेषा दाखवल्या. "रेषा शिध्या पायजेत. आडव्या रेषेचा गज ठासताना मोडतो न् हातात घुसतो."

सांडूनं तसा एक निवडला. मापासाठी निजामुद्दीनभाईंनी उधईचा गज रिकाम्या नळीत सोडला. डागलेली खूण नळीच्या तोंडातून आत गेली. त्यांनी गज वर खेचला, पुन्हा सोडला. पुन्हा खूण आत. चार बोटं.

"ये निशान किसने करा?"

"म्या. जुन्या गजाला लावून."

"जुना कुठं मोडला होता?" निजामुद्दीनभाईंनी विचारलं.

"टोकाला," सांडू म्हणाला. "टोकाचा तुकडाच पडला व्हता. चारेक बोटं."

निजामुद्दीनभाईंनी गज बाहेर काढून माझ्यापुढं धरला. मलाच हिशोब लागायला वेळ लागला. मोडक्या टोकापासून मापलेली खूण चार बोटं खाली आली होती. भरलेल्या बंदुकीत ती बरोबर नळीच्या तोंडाशी येणार. बद्रीनाथनं गज घातला होता, खूण पाहिली होती, आणि खुणेनं त्याला रिकामी सांगितलं होतं.

सांडू रडला नाही. नव्या गजावर खूण करून घेतली, तीही रिकाम्या नळीत सोडून. मोटारीत तो गज गुडघ्यांत धरून बसला. मला फार वाईट वाटत होतं. गाव आल्यावर तो म्हणाला, "गुर्जी, घरापातूर या. माझ्यानं एकट्यानं व्हनार नाय."

मनकर्णाबाई अंगणात दुसऱ्या दिवसाच्या तिथीचे तांदूळ निवडत होती. सांडूनं दोन्ही गज तिच्यापुढं ठेवले आणि सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. बोलताना त्याचा आवाज एकदाही वर-खाली झाला नाही.

तिनं जुना गज उचलला, खुणेवरून बोट फिरवलं. "म्हंजी त्यांनी पाह्यलं व्हतं."

"व्हय, वयनी."

"आन मी त्यांना खोटं पाडलं."

सांडू मान खाली घालून उभा राहिला. ती त्याला काहीतरी बोलेल, शिव्या देईल, म्हणून मी थांबलो होतो. तिनं सूप उचललं आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी पान ठेवायला भागूबाई पुढं झाली, तर मनकर्णाबाईनं तिच्या हातातून ते घेतलं. गोठ्यामागच्या दगडावर ठेवलं. कावळे निंबावर बसले होते. ती पानाजवळ उकिडवी बसली, पदर नीट केला आणि घरात बोलावं तशी म्हणाली, "तुमचं खरं व्हतं. जेवा आता."